सावित्रीबाईंचं माहेरपण

ऑक्टोबर १८५६. आजारी पडलेल्या सावित्रीबाई फुले पुण्याहून नायगावला, माहेरी येऊन राहिल्या होत्या. वय पंचवीस. भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेला आठ वर्षं झाली होती, पाठोपाठ आणखी शाळा निघाल्या होत्या आणि शिकवायला माणसं मोजकीच. अशा वेळी नायगावहून त्यांनी जोतीरावांना एक पत्र पाठवलं. हे पत्र आज ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या, मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात वाचायला मिळतं. त्यातला घरगुती मजकूर थोडक्यात असा: दुखण्यात बरेच चढउतार झाले, पण आता तब्येत सुधारते आहे, भावानं फार मायेनं सेवा केली, पूर्ण बरी झाले की पुण्याला येईन, तुम्ही काळजी करू नये, मी नसल्यानं शाळेतली सहकारी फातिमा हिला कामाचा ताण पडत असेल, पण ती समजून घेईल, कुरकुरणार नाही.

पहिल्या वाचनात हे साधं खुशालीचं पत्र वाटतं. दुसऱ्यांदा वाचताना त्यात काय नाही ते जाणवतं. ‘शाळा तिकडं ठेवून मी इथं लोळत पडलेय’ असा सूर त्यात कुठंही नाही. आजारी पडल्याबद्दल माफी नाही. भाऊ उशापायथ्याशी बसतो याचा संकोच नाही. उलट तो किती प्रेमळ आहे याची मोकळी नोंद आहे. फातिमाच्या कष्टांची जाणीव आहे, पण त्या जाणिवेनं बाई अर्ध्या तापात उठून गाडी जुंपायला सांगत नाहीत. बरी झाले की येईन, एवढंच.

हे नायगाव सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात आहे. खंडाळा म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला लोणावळ्याची चिक्की आणि धुकं आठवतं, म्हणून सांगायला हवं की हा खंडाळा वेगळा. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की शिरवळ लागतं, मग खंडाळा आणि पुढं खंबाटकी घाट. पुण्यापासून नायगावचं अंतर साधारण ५० किलोमीटर. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाई जन्मल्या त्या इथं. दरवर्षी ३ जानेवारीला गावात मोठा कार्यक्रम होतो, मंत्री येतात, शाळांतून वक्तृत्व स्पर्धा होतात, आणि ठसठशीत कुंकू लावलेल्या, काठाचं लुगडं नेसलेल्या चिमुरड्या सावित्रीबाई व्यासपीठावर उभ्या राहतात.

त्या चिमुरड्यांच्या भाषणांत एक प्रसंग हमखास असतो. शाळेत जाताना लोक शेण, चिखल, दगड मारत. सावित्रीबाई ते सोसत चालत राहत. प्रसंग खरा आणि सांगण्यासारखाच. पण तो सांगून झाल्यावर मोठ्यांकडून एक पुरवणी जोडली जाते: ‘तिनं एवढं सोसलं, आणि तुम्हाला साधा अभ्यास होत नाही?’ पुढं त्या मुली मोठ्या होतात, नोकरी, घर, सासू-सासरे, मुलांच्या परीक्षा असा गाडा ओढू लागतात, आणि ही पुरवणी आपली आपल्यालाच ऐकवायला शिकतात. कंबर दुखते तर अंगावर काढायची. ताप आला तर गोळी घेऊन भाकऱ्या थापायच्या. त्यातून एखादं काम राहिलंच, तर मनातल्या मनात सुरू होतं: ‘मला मेलीला एवढंही जमंना.’

शेणाच्या त्या प्रसंगाचा उत्तरार्ध मात्र भाषणांत घाईनं उरकला जातो, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. सावित्रीबाई जोडीला दुसरं लुगडं नेत. वाटेत खराब झालेलं शाळेत पोचल्यावर बदलायचं आणि धडधाकट शिकवायला उभं राहायचं. म्हणजे अंगावरचं शेण मिरवायचं नव्हतं, आणि ते अंगावर ठेवून दिवसभर बसण्यात काही पुण्यही नव्हतं. अपमान होणार हे माहीत होतं. त्या अपमानानंतरचा आपला दिवस कसा जाईल, याची तजवीज त्यांनी घरून निघतानाच केली होती. स्वतःशी मायेनं वागणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मानसशास्त्रात या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो अलीकडे. टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये दोन शोधनिबंध लिहिले. एकात त्यांनी स्वतःविषयीच्या करुणेची कल्पना मांडली, दुसऱ्यात ती मोजण्यासाठी २६ विधानांची प्रश्नावली दिली. बौद्ध विचारातल्या करुणेचा त्यांच्यावर प्रभाव होता. नेफ यांच्या मते या करुणेत तीन धागे एकत्र वळलेले असतात. चूक झाली किंवा दुःख झालं तर स्वतःला फटकारण्याऐवजी आधार देणं, हा एक. हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही, माणूस म्हटलं की चुकणं, आजारी पडणं, हरणं आलंच, ही जाण हा दुसरा. आणि जे दुखतंय ते दडपायचंही नाही व त्याचा डोंगरही करायचा नाही, जेवढं आहे तेवढं पाहायचं, हा तिसरा. सावित्रीबाईंच्या पत्रात दुखण्यातले चढउतार आहेत, पण रडगाणं नाही. हा तिसरा धागा लोक बहुधा विसरतात आणि मग स्वतःवरची माया आणि स्वतःची कीव यांत गल्लत करतात. कीव करणारा माणूस ‘माझ्याच नशिबी हे का?’ असं विचारतो. त्या ‘माझ्याच’मुळे तो सगळ्यांपासून तुटतो.

आपल्याकडचा खरा आक्षेप मात्र वेगळाच असतो. स्वतःला गोंजारत बसलो तर अंगात आळस शिरेल, असं बहुतेकांना मनापासून वाटतं. दोन लगावल्याशिवाय पोरगं अभ्यासाला बसत नाही, हा शाळेतला जुना हिशेब आपण मोठेपणी स्वतःला लावतो. गंमत अशी की नायगावच्याच तालुक्यातला शेतकरी आपल्या बैलाच्या बाबतीत हा हिशेब कधी करत नाही. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी तो खांदमळणी करतो. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या खांद्याला हळद, तेल-तूप चोळतो. बैल लाडावून नांगराला नकार देईल अशी भीती त्याला शिवत नाही. खांदा सांभाळला तरच पेरणी होणार, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

प्रयोगांतूनही साधारण तेच दिसतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या ज्युलियाना ब्राइनेस आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये एका प्रयोगमालेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड चाचणी दिली. साहजिकच ती बहुतेकांना जड गेली. मग काहींना सांगितलं, की ही चाचणी अनेकांना जड जाते, तुम्ही एकटे नाही, स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या गटाचा अभिमान फुलवला: तुम्हाला इथं प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच असणार. तिसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही. पुन्हा चाचणी देण्याआधी हवा तेवढा अभ्यास करायची मुभा सगळ्यांना होती. जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटानं. कारण उघड आहे. ज्याला चुकीपायी स्वतःच्या शिव्या खाव्या लागणार नाहीत, तो चुकीकडे सरळ नजरेनं पाहू शकतो. ज्याला ती शिवी चुकवायची असते, तो वहीच उघडत नाही.

खाण्याच्या बाबतीतला एक प्रयोगही मला आवडतो. क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ मध्ये पथ्य पाळू पाहणाऱ्या तरुणींना आधी डोनट खायला दिले. त्यांतल्या काहींना सांगितलं, की असं सगळ्यांकडूनच खाल्लं जातं, उगाच मनाला लावून घेऊ नका. त्यानंतर चव बघण्याच्या निमित्तानं गोळ्या-चॉकलेटं समोर ठेवली. पथ्य मोडल्याची टोचणी ज्यांना लागू शकत होती, त्यांतल्या दिलासा मिळालेल्या मुलींनी ती कमी खाल्ली. ‘एक लाडू खाल्लाच आहे, आता काय, चार खाऊ’ हे आपलं दिवाळीतलं तत्त्वज्ञान ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. उपास मोडल्याचं पाप मनात एकदा घर करून बसलं की पुढचा संयमही त्यात वाहून जातो.

असं का होतं, याचं एक उत्तर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट देतात. करुणेवर आधारलेली उपचारपद्धती त्यांनी विकसित केली. त्यांच्या मांडणीनुसार माणसाच्या भावना तीन यंत्रणांवर चालतात: धोका ओळखून पळणं किंवा लढणं, हवं ते मिळवण्यासाठी धावणं, आणि सुरक्षित वाटून निवणं. बाहेरून कुणी अंगावर धावून आलं तर पहिली यंत्रणा जागी होते. ती आतून आलेल्या शिवीनंही जागी होते. छाती धडधडते, घसा आवळतो, लक्ष आक्रसतं. अशा अवस्थेत माणूस पळतो, भांडतो किंवा गोठून जातो. शांतपणे विचार करून चूक दुरुस्त करणं त्याला त्या घडीला जमत नाही. तिसरी यंत्रणा जागी होते ती आपल्या माणसाच्या स्पर्शानं, हळू आवाजानं, कुणीतरी जवळ आहे या भावनेनं. तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन थोपटतात तेव्हा हेच घडतं. गिल्बर्ट यांच्या उपचारात हा सूर स्वतःशी बोलताना कसा आणायचा, याचा सराव करून घेतात.

पण तो सूर ज्याला कधी मिळालाच नाही, त्यानं तो आणायचा कुठून? हा प्रश्न खरा आहे आणि गिल्बर्ट यांनाही तो पडला. लहानपणी ज्या घरात माया आणि मार एकाच हातानं मिळाला, तिथल्या माणसाला मायेचीच भीती वाटते, असं त्यांना उपचार करताना दिसलं. कुणी गोड बोललं की ‘आता काहीतरी मागणार’ अशी शंका येते. स्वतःशी गोड बोलू लागलं तर खोटं वाटतं, कधी रडूच कोसळतं. अशांनी एकदम जोर लावू नये. हा गुण सरावानं वाढतो, पण सरावाला वेळ लागतो.

आतला कठोर आवाज बहुधा उसना असतो. तो कुणा मास्तरांचा असतो, कुणा आत्याचा, सासूचा, पहिल्या साहेबाचा. इथं पुन्हा नायगावच्या पत्राकडे यावं लागतं, कारण खुशालीच्या ओळींनंतर त्यात एक वादळ आहे. ज्या भावानं रात्रंदिवस सेवा केली, त्यानंच सावित्रीबाईंना ऐकवलं, की तू आणि तुझा नवरा महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हाला वाळीत टाकलं ते योग्यच झालं. हे पातक आहे, कुळाला बट्टा आहे, जातीच्या रीतीनं वागा. आजारी माणसाला अंथरुणावर हे ऐकायला लागलं, तेही जो औषधपाणी करतो त्याच्याच तोंडून. अशा वेळी दोनच वाटा सुचतात: उपकाराच्या ओझ्याखाली मान खाली घालावी, नाहीतर नातं तोडून उठावं.

सावित्रीबाईंनी दोन्ही केलं नाही. त्यांनी भावाला उत्तर दिलं. गाई-शेळ्यांना तुम्ही कुरवाळता, नागपंचमीला नागाला दूध पाजता, आणि माणसांना शिवत नाही, याला कारण काय, असं त्यांनी थेट विचारलं. जोतीरावांचं काम कसं धर्माचंच आहे ते पटवून दिलं. आणि हे सगळं ज्या पत्रात लिहिलं, त्याच पत्रात भावाच्या सेवेबद्दलची कृतज्ञताही लिहिली. भावाकडून माया घेतली, त्याचा निवाडा परत केला. एकाच माणसाकडून आलेल्या या दोन गोष्टी वेगळ्या करणं हे मला त्यांच्या धैर्याइतकंच मोठं कसब वाटतं. आपल्या आतल्या आवाजाच्या बाबतीतही तेच करावं लागतं. त्यामागची काळजी ओळखायची, ‘माझं वाईट होऊ नये म्हणून हे बोलणं आहे’ एवढं मान्य करायचं, आणि त्यानं दिलेला निकाल मात्र तपासल्याशिवाय घ्यायचा नाही.

निकाल तपासण्याची शिस्त महाराष्ट्रात अनेकांना शिकवली ती अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारानं. अमेरिकेत १९५० च्या दशकात एलिस यांनी ही पद्धत मांडली आणि मराठीत तिला मोठा वाचकवर्ग मिळाला. डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांचा विचार मराठीत आणला, डॉ. अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ घराघरांत वाचलं गेलं, आणि ठाण्यात १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी व्याख्यानांतून, नाटकांतून हे विचार गावोगावी नेले. एलिस यांचं एक म्हणणं इथं थेट उपयोगाचं आहे. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. भाकरी करपली तर भाकरी करपली. बाई नालायक ठरत नाही. पेपर अवघड गेला तर पेपर अवघड गेला. पोरगा कुचकामी ठरत नाही. हे जितकं सोपं दिसतं तितकं नाही, कारण चांगल्या कृतीनंतर स्वतःला ‘मोठा’ म्हणायचा मोहही त्याबरोबर सोडावा लागतो. बर्कलीच्या दुसऱ्या गटाची अडचण तीच होती. ‘तुम्ही हुशारच असणार’ हे वाक्य पुढच्या अपयशापर्यंतच टिकतं.

कालव्याच्या पाण्यानं आणि कारखानदारीनं नायगावच्या या खंडाळा तालुक्याचं रूप पालटलं, पण आषाढी वारीच्या दिवसांत जुनं काहीतरी पुन्हा दिसतं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडते, पादुकांना नीरास्नान होतं आणि सातारा जिल्ह्यात शिरून ती लोणंदला मुक्कामाला येते. लोणंद खंडाळा तालुक्यातलंच, कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेलं. त्या मुक्कामात जागोजागी वारकऱ्यांचे पाय चेपले जातात. कुणी तेल घेऊन बसतो, कुणी तुटलेल्या चपला फुकट शिवून देतो, डॉक्टर मंडळी फोडांवर पट्ट्या बांधतात. सत्तरीचे आजोबा एका अनोळखी पोरापुढं पाय लांब करून निवांत बसतात, आणि ‘माझे पाय कशाला, राहू द्या’ असं म्हणत नाहीत. म्हणाले तरी एकदाच.

वारीला निघालेल्या माणसाला आळशी कुणी म्हणणार नाही. तरीही वारीचं वेळापत्रक पाहिलं तर त्यात विसावे आधीच नेमून दिलेले असतात. न्याहारीचा विसावा, दुपारचा विसावा, मग मुक्काम. दमल्यावर थांबायचं असं नसून दमण्याआधी थांबायचं असतं. ज्याला हा विसावा म्हणजे कमकुवतपणा वाटेल तो पंढरपूरपर्यंत पोचण्याची शक्यता कमी. आणि सगळ्यांचेच पाय दुखत असतात. त्यामुळे माझे दुखतात यात लाज नसते. नेफ यांचा दुसरा धागा इथं कुणी न शिकवता हाताला लागतो. त्यात भर म्हणजे ओळखपाळख नसलेल्या माणसालाही वाटेवर ‘माउली’ म्हणायची रीत. तोच वारकरी घरी परतल्यावर ट्रॅक्टरची किल्ली हरवली म्हणून स्वतःला काय काय म्हणतो, ते इथं छापण्यासारखं नाही.

गेल्या काही वर्षांत या विषयाचा बाजारही झाला. सुगंधी मेणबत्ती, महागडं फेशियल, ‘स्वतःवर प्रेम करा’ लिहिलेला कप. त्याविषयी जास्त बोलण्यात अर्थ नाही. हौस असेल तर जरूर घ्यावं. पण संशोधनाच्या मर्यादाही मोकळेपणानं सांगायला हव्यात. २०१२ मध्ये अँगस मॅकबेथ आणि अँड्र्यू गमली यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा स्वतःविषयीची करुणा जिथं जास्त तिथं नैराश्य, चिंता आणि ताण कमी, असा ठळक संबंध दिसला. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. मन बरं असलं की स्वतःशी नीट वागणंही सोपं जातं. शिवाय पीटर म्युरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आक्षेप असा, की नेफ यांच्या प्रश्नावलीतली निम्मी विधानं करुणा मोजत नाहीत, आत्मनिंदा मोजतात, त्यामुळे आकडे फुगतात. हा वाद मिटलेला नाही. बायकांमध्ये ही करुणा पुरुषांपेक्षा थोडी कमी आढळते, असंही २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. फरक लहान आहे. आपल्या घरांत शेवटी कोण जेवतं ते आठवलं तर त्याचं आश्चर्यही वाटत नाही.

मला जास्त टोचते ती दुसरीच मर्यादा. शिरवळ-खंडाळ्याच्या पट्ट्यात आता कारखाने आहेत, पाळ्या आहेत, कंत्राटी कामगार आहेत. रात्रपाळी करून सकाळी मुलांचे डबे करणाऱ्या बाईला ‘स्वतःशी प्रेमानं बोल’ एवढाच सल्ला देणं हा तिचा अपमान आहे. तिला रजा हवी, डबा करायला आणखी दोन हात हवेत. सावित्रीबाईंना निश्चिंत आजारी पडता आलं, कारण पुण्यात फातिमा होती. शाळा बंद पडणार नव्हती. जोतीराव ‘कधी येतेस?’ असा तगादा लावतील अशी भीती पत्रात कुठं जाणवत नाही. उशाशी भाऊ होता. आणि माहेरपण नावाची एक मान्य रीत होती, जिच्या आधारानं लेक कुणाला स्पष्टीकरण न देता चार दिवस अंग टाकू शकत होती. आता बहीण पुण्यात, भाऊ दुबईत, आईच गुडघ्यांनी बेजार. माहेरपण दोन दिवसांच्या धावत्या भेटीवर आलं. तेव्हा आपली जागा कोण घेईल, हे दुखणं यायच्या आधीच कुणाशी तरी बोलून ठेवणं, आणि त्याच्या दुखण्यात त्याची जागा आपण घेणं, हाही या विषयाचाच भाग आहे. आतल्या सुरापेक्षा तो कदाचित आधीचा भाग आहे.

आतल्या सुरासाठी करण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. त्यांतली मला सगळ्यात भरवशाची वाटते ती पत्र लिहिण्याची. कॅनडातल्या लिआ शपिरा आणि मिरियम मोंग्रेन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना सलग सात दिवस रोज स्वतःला एक पत्र लिहायला सांगितलं: आज जे लागलं त्याबद्दल, एखाद्या समजूतदार मित्रानं लिहावं तसं. त्यांच्या नैराश्यात झालेली घट तीन महिन्यांनंतरही टिकलेली दिसली आणि समाधानातली वाढ सहा महिन्यांनंतरही. पत्र लिहिताना पुस्तकी मराठी टाळावी. आपल्या मावशीनं जशी समजूत काढली असती तशा भाषेत लिहावं, ‘अगं, बस जरा, किती पळशील’ अशा. वेळ नसेल तर तेवढं एक वाक्य पुरे.

बोलण्याची सवय बदलायची असेल तर स्वतःला नावानं हाक मारून पाहावी. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की भाषणापूर्वी ‘मी कसं करू?’ असं घोकण्याऐवजी स्वतःचं नाव घेऊन मनाशी बोलणाऱ्यांची घालमेल कमी राहिली आणि भाषणही सरस झालं. नाव घेतलं की आपण आपल्यापासून हातभर अंतरावर जातो, आणि त्या अंतरावरून माणूस सहसा दुसऱ्याशी बोलतो तसा बरा बोलतो. आपल्याकडे अभंगाच्या शेवटच्या ओळीत संत स्वतःचं नाव घेतात. समर्थ रामदासांनी तर २०५ श्लोकांमध्ये मनालाच समोर बसवून त्याच्याशी संवाद केला, आणि उपदेशाच्या ओघात त्याला फटकारलं तरी सुरुवात केली ती त्याला सज्जन म्हणून. ही सगळी मंडळी मानसशास्त्राचे प्रयोग करत होती असं म्हणण्याचा आचरटपणा मी करणार नाही. मनाशी अंतर ठेवून बोलायची रीत आपल्याला परकी नाही, एवढंच.

पहिल्या आठवड्यात हे सगळं नाटकी वाटतं. वाटू द्यावं. काहींना पत्र लिहिताना जुनं काहीतरी उफाळून येतं, झोप उडते, आणि आपण बरे होण्याऐवजी बिघडलो असं वाटू लागतं. तसं झालं तर लिहिणं थोडे दिवस बाजूला ठेवून चालायला जावं, कुणाशी तरी बोलावं. जगणंच नको वाटू लागलं असेल, किंवा दोन-तीन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यालाही औषधपाणी लागतं. तोही अंगावर काढायचा नसतो. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.